सकाळचा हात

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

खिदिरपूर, कोलकाता
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय नलू,

फोन हाताशी असताना वहिनीला पत्र लिहायचं कसं सुचलं, असं वाटेल तुला. पण फोन लावला की तुझे दादा शेजारी येऊन बसतात, स्पीकर लाव म्हणतात, आणि मग आपण दोघी हवापाणी, लोणच्याच्या कैऱ्या आणि कुणाच्या मुलीचं ठरलं यापुढे जात नाही. आज ते कस्टम्सच्या ऑफिसात गेलेत, मधू शाळेत आहे, देवाचं आटोपलंय. गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच फाडून घेतली. मध्ये रकान्याच्या उभ्या रेघा येतील, तेवढं चालवून घे. चांगला कागद आणायला खाली उतरले असते तर पुन्हा वर येईपर्यंत धीर राहिला नसता.

तू परवा विचारलंस, मधूची स्पर्धा कशी झाली, आणि दादांनी तुला सांगितलं की थोडक्यात हुकली. ते खोटं नाही. पण झालं ते सगळं त्यात आलं नाही. त्या वेळी मी पलीकडे भाजी निवडत होते आणि मान खाली घालून निवडतच राहिले.

तुला ते बॅटनचं प्रकरण अजून नीट उमगलेलं नाही, आणि त्यात तुझी चूक नाही. दोन वर्षांपूर्वी मधू शाळेच्या बँडमधून तो दांडा घरी घेऊन आली तेव्हा मलाही वाटलं, पोर ढोल वाजवायला शिकतेय आणि ही त्याची काठी. लोखंडाचा पोकळ, चकचकीत दांडा, दोन्ही टोकांना पांढरी रबरी बोंडं. तो बोटांतून, मनगटावरून, कोपरावरून, मानेच्या मागून असा फिरवायचा की डोळ्यांना नुसतं चाक दिसावं. मग गाण्याच्या ठेक्यावर वर फेकायचा, खाली आपण एक गिरकी घ्यायची, आणि वर न बघता हात पुढे करायचा. दांडा तिथे आलेला असतो. मला तर पहिल्यांदा बघताना पाणीच आलं डोळ्यांत. दादा मात्र म्हणाले, "वरातीत बँडवाल्यांच्या पुढे चालायला लावणार आहेस का मुलीला? मग निदान घोड्याचं भाडं तरी वाचेल." मधूने तेव्हाच त्यांच्या चष्म्यासमोरून दांडा असा सणकन फिरवला की ते खुर्चीसकट मागे सरकले. तेव्हापासून चेष्टा करायची झाली तर लांबून करतात.

शिकवायला डोरीन मिस. इथल्याच, खिदिरपूरच्या. अँग्लो-इंडियन म्हातारी, शाळेतून निवृत्त झाली तरी बँड सोडवत नाही. फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट, आणि तोंडात हिंदी अशी की ऐकावी. मला "वृंदा-जी" म्हणते आणि पुढच्याच वाक्याला "तुम" वर येते. मुलींना पहिल्याच दिवशी तिने शिकवलं, "गिरा तो गिरा. उठाओ और हँसो. रोना है तो घर जाके मम्मी के पास रोना." दांडा पडला की गुण कापतात, पण चेहरा पडला तर जास्त कापतात म्हणे. माझ्या मुलीने ते इतकं मनावर घेतलं की घरात भाकरी करपली तरी हसते.

मधू बंगालच्या संघात निवडली गेली तेव्हा आमच्या बिल्डिंगीतल्या मासीमा रसगुल्ले घेऊन आल्या. स्पर्धा राष्ट्रीय, आणि यंदा भरणार होती इथेच, न्यू टाउनच्या एका हॉलमध्ये. मला तर हे गजाननानेच जुळवून आणलं असं वाटलं. रेल्वेचा खर्च नाही, परमुलखात मुक्काम नाही. पोशाख बाहेरून आणायचा म्हणे. मी म्हटलं, मला हात आहेत. बडा बाजारातून टिकल्या आणल्या आणि निळ्या साटीनवर श्रावणभर टाचत बसले. एकेक टिकली लावताना नामस्मरण केलं. हसू नकोस. मला दुसरं काय करता येतं तिच्यासाठी? दांड्यातलं मला काही कळत नाही, इंग्रजी मला येत नाही, मैदानात इतर आया मुलींना "शोल्डर, शोल्डर" असं काहीतरी ओरडतात तेव्हा मी पाण्याची बाटली धरून उभी असते.

म्हणून मी मला कळत होतं ते केलं. कोजागरीपासून आपल्याकडे काकडा असतो, तुला ठाऊकच आहे. मी पहाटे उठतेच. मग मधूलाही उठवायला लागले. देवापुढे नमस्कार करून खाली क्वार्टर्सच्या मैदानात सरावाला. या वेळेला केलेलं फळाला येतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रात्री तिचा नववीचा अभ्यास संपायला उशीर व्हायचा, तरी ती बिचारी उठायची, डोळे चोळत, तक्रार न करता. आणि नेमका त्याच वेळी दांडा तिच्या हातातून सुटायचा. अवघड फेकीत नव्हे, तिथे काही नाही. साधा हातात धरून उभी असताना. जणू कोणी मागून कोपराला धक्का दिला, असा हात उडायचा आणि दांडा लांब जाऊन पडायचा. वर आल्यावर दुधाचा पेला घेताना पुन्हा तेच. दात घासताना ब्रश. एकदा आरतीचं तबक तिच्या हातून उडालं, निरांजन विझलं, आणि मी तिला बोलले, नलू. देवासमोर बोलले. लक्ष कुठे असतं तुझं, म्हटलं. ती म्हणाली, "आई, मी नाही टाकलं. हात आपोआप झाला." तिचं मराठी असंच आहे, अर्धं हिंदीतून आलेलं. मी त्या वाक्याकडेही लक्ष दिलं नाही.

डोरीन मिसने मात्र दिलं होतं. मैदानाच्या कडेला मला बाजूला घेऊन म्हणाली, "शाम को ये लड़की रानी है. सुबह इसका हाथ किसी और का हो जाता है. इसको सोने दो, वृंदा." मी हो हो केलं. मनात म्हटलं, हिला काय ठाऊक, हिच्या घरी आठला उठत असतील. आणि उठवत राहिले.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मुलींचा गट उतरला. नलू, तू बघायला हवी होतीस. सगळ्या जणींचे दांडे एकदम वर गेले आणि एकदम खाली आले, आणि माझ्या मधूच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की मला वाटलं, ही माझ्या पोटची नव्हेच. एकदाही पडला नाही. गट दुसरा आला. त्या गटातल्या मुलींना पौषात भारताच्या संघाच्या सराव शिबिराला बोलवणार, असं तिथेच जाहीर झालं. दादांनी चक्क शेजारच्या अनोळखी बंगाली गृहस्थांना मिठी मारली. त्या रात्री मधू झोपलीच नाही. आनंदाने आणि दुसऱ्या दिवशी एकटीने उतरायचं होतं त्या भीतीने, दोन्हीने. मी तिच्या पायांना तेल लावत बसले होते.

दुसरा दिवस रविवार आणि कार्तिकी एकादशी. मधू एकादशी माझ्याबरोबर करते, तुला माहीत आहे. मी तिला कर म्हटलं नव्हतं. पण आज नको, असंही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, उपासाचं पुण्य तिच्या बाजूला लागेल म्हणून. खिदिरपूर ते न्यू टाउन म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं. अंधारातच निघालो. डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू होते. तिने दोन घास खाल्ले न खाल्ले.

तिचा नंबर सकाळीच लागला. सुरुवात छान झाली. पहिली फेक गेली, आली. दुसरी गेली, आली. मी श्वास सोडला. आणि मग अगदी सोप्या जागी, दांडा नुसता मनगटावरून घरंगळवायचा तिथे, तिचा हात उडाला. तो दांडा थेट परीक्षकांच्या टेबलाखाली गेला. ती हसली, धावत गेली, वाकून काढला, पुन्हा ठेक्यात आली. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पुन्हा उडाला. पुन्हा हसली. तिसऱ्या वेळी ती हसली तेव्हा मला बघवेना. मी वर गच्च भरलेल्या बाकांत, माझ्या पुढे किती माणसं, उठून जाऊ म्हटलं तरी जाता येईना. माझी मुलगी तिथे एकटी, सगळ्या हिंदुस्थानासमोर, न केलेल्या चुकीसाठी हसत होती.

मी खाली पोचले तेव्हा ती हॉलमागच्या बोळात डोरीन मिसजवळ उभी होती. मला बघून "आई" म्हणाली, आणि तेवढंच. मग ती ताठ झाली. डोळे वर गेले, दातखीळ बसली, आणि टिकल्यांचा तो निळा पोशाख फरशीवर असा तडतडत होता, नलू, की त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. कुणी पाण्यासाठी "जोल, जोल" ओरडलं, कुणी चप्पल नाकाला लावा म्हणालं. डोरीन मिसने सगळ्यांना मागे लोटलं, मधूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा स्कार्फ घातला. मी काय केलं? मी अथर्वशीर्ष म्हणायला लागले. लग्नाच्या आधीपासून रोज म्हणते, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पहिल्या ओळीच्या पुढे मला एक शब्द आठवला नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, जोवर ती सैल पडली आणि घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, शांत होते. दादांशी इंग्रजीत आणि बंगालीत बोलत होते, मी मधूचा हात धरून बसले होते. मग माझ्यासाठी म्हणून ते हिंदीत आले. त्यांनी विचारलं, घरात कोणाला असं कधी झालंय का? मामा, काका, बुआ, कोणीही? मी दादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नो डॉक्टर, नोबडी." इतक्या पटकन, की डॉक्टरांचा प्रश्न पुरा व्हायचा होता. आणि लगेच हसून म्हणाले, आज इनका एकादशी का फास्ट था, मेरी मिसेस बहुत रिलिजस है. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काय नजर होती ती. बढ़ते बच्चे को कोई भूखा रखता है, असं म्हणाले. मी मान हलवली. म्हणजे, कबूल केलं.

मग त्यांनी मधूला विचारलं, सकाळी हात झटकतो का? हातातून वस्तू पडतात का? मधूने आधी माझ्याकडे पाहिलं. तिला शिबिर दिसत होतं, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "नहीं." बरोबर समोर बघून, डोरीन मिसने शिकवलेलं हसू हसून. आणि मी गप्प बसले. एकीकडे नवरा, एकीकडे लेक, आणि मध्ये मी, हिंदीत तीन वाक्यं धड न येणारी. डोक्याला तारा लावून काढलेल्या तपासणीतही ठाम काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, सध्या अशक्तपणा धरून चालू, अमावास्येनंतरच्या सोमवारी पुन्हा आणा. पण हातांचं काही लक्षात आलं, किंवा घराण्यात कुणाचं आठवलं, तर लगेच सांगा, मग औषध सुरू करायला मी थांबणार नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

तेव्हापासून घरात यावर एक शब्द नाही. मधू म्हणते, "आई, प्लीज, मिसला पण बोलू नकोस." तिने दांड्याला नवीन रबर चढवलंय. सकाळी आता पेला दोन्ही हातांनी धरते, टेबलावरून न उचलता तोंडच खाली नेते. मला दिसू नये म्हणून. मी पहाटेचं उठवणं बंद केलं, काकडा मनातल्या मनात म्हणते, तरी परवा तिचा कंगवा भिंतीवर जाऊन आपटला. दादांनी शिबिराला होकार कळवून टाकलाय. मी एवढंच म्हटलं, तिथे पहाटे उठवतील, वसतिगृहात वरच्या मजल्यावर झोपवतील, न्हाणीघरात एकटी असेल. तर म्हणाले, "एकदा कागदावर आलं की मुलीच्या नावाला चिकटतं, वृंदा. मग ते कोणी पुसत नाही." आवाज चढवून नाही. तसं म्हणाले असते तर मी भांडले असते.

आणि कालची गोष्ट. मी भाजी घेऊन आले तर हे स्क्रूड्रायव्हर घेऊन न्हाणीघराच्या दारापाशी बसलेले. आतली कडी काढत होते. मला पाहून म्हणाले, दार फुगलंय, कडी बसत नाही. दार मुळीच फुगलेलं नाही, गं. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. मला एकदम सांगलीचं आपलं घर आठवलं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तिथल्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. आई म्हणायच्या, लाकूड फुगलंय. आत गेलं की मी मोठ्याने गाणं म्हणायचे, कोणी येऊ नये म्हणून, आणि तू बाहेरून हसायचीस. सगळ्या घराला सगळ्या ऋतूंत ते फुगलेलं लाकूड चाललं. तू निपाणीहून सासर सोडून वर्षाच्या आतच परत आलेली होतीस, आणि मला सांगितलं होतं, तिला तिथलं पाणी मानवलं नाही. तू रोज रात्री एक गोळी घ्यायचीस, व्हिटॅमिनची म्हणायचीस. दादा तुला विहिरीकडे जाऊ द्यायचे नाहीत, तू गॅसपाशी गेलीस की आई उठून मागे येऊन उभ्या राहायच्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं कळलंही होतं. पण नव्या सुनेने विचारायचं नसतं, आणि जुनी झाल्यावर विचारायची सवय गेली. काल यांच्या हातात तो स्क्रूड्रायव्हर पाहिला आणि समजलं, यांना मधूचं पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हे काय बघतायत ते यांनी आधी पाहिलंय, आपल्या बहिणीच्या अंगावर. मला त्यांचा राग येत नाही. कडी निघाल्यावर त्यांनी दार तीन-चारदा बाहेरून ढकलून पाहिलं.

म्हणून लिहितेय, नलू. तुला जे होतं त्याचं नाव काय? तुझंही असंच हातांपासून, सकाळीच सुरू झालं होतं का, कितव्या वर्षी? ती गोळी कुठली, आणि ती घेतल्यावर थांबलं का? तू आज एकटी राहतेस, बालवाडी चालवतेस, पोरांना खांद्यावर घेतेस, म्हणजे थांबलं असणार, असं मी देवापुढे बसून स्वतःला समजावते. त्या सोमवारी मधूला घेऊन मीच डॉक्टरांकडे जाणार आहे, यांना सुट्टी नाही. "इसकी बुआ को भी था," एवढं हिंदी मी पाठ केलंय, कणीक मळताना म्हणून बघते. पण ते तुझं आहे. ज्या गोष्टीपायी तुझं सासर गेलं, ती तुला न विचारता परक्या गावच्या डॉक्टरला सांगायची, हे माझ्याच्याने होणार नाही. एवढ्या वर्षांत मी तुला एकदा विचारलं नाही, कशी आहेस तू म्हणून, आणि आज विचारतेय तेही माझ्या मुलीसाठी, हे मला कळतंय. हो म्हण. दुपारी फोन कर, तेव्हा घरात मी एकटी असते. आणि नाही म्हणायचं असेल, तर तेही मी ऐकेन, रागावणार नाही. पण मग मी काय करू, तेवढं तूच सांग.

तुझीच,
वृंदावहिनी